पिशवीच्या बाहेरचे पाणी

वेळ दहाची दिली होती. साडेआठलाच रांग हॉलच्या फाटकाबाहेर पडून सायकल दुरुस्तीच्या दुकानापर्यंत पोचली होती. कोणी व्हीलचेअरवर होते, कोणी काठी टेकत आले होते, कोणी कोणाच्या तरी खांद्याचा आधार घेऊन उभे होते. आणि ज्यांना काहीच झालेले नव्हते, पण 'होऊ नये म्हणून' आले होते, अशांचाही एक मोठा घोळका होता. ढकलाढकली सर्वांत जास्त तोच करत होता.

आत व्यासपीठावर पांढऱ्या कापडाचे टेबल. त्यावर जांभळ्या पाण्याच्या तीन काचेच्या बरण्या. मागे दोन पुरुष उंचीचा फलक, आणि फलकावर एका प्रयोगशाळेचा अहवाल मोठा करून छापलेला. '९४ टक्के' या आकड्याभोवती लाल वर्तुळ. खाली सही.

पांढरा कोट घालून गृहस्थ आले. त्यांना सगळे 'सर' म्हणत. कोणत्या शाळेत शिकवले, हे कोणी विचारले नव्हते.

"लोखंडाला काय चढतं?" सरांनी विचारले.

"गंज!" हॉल म्हणाला.

"आणि माणसाला?"

सर टेबलापुढे आले.

"गंजच! ज्या ऑक्सिजनवर तुम्ही जगता, तोच तुम्हाला आतून खातो. घरात ठेवलेला भाडेकरू घरमालकाला खातो, तसा. डॉक्टर काय करतात? भाडेकरूला गोळ्या देतात! मी त्याला बाहेर काढतो." हशा. "कशानं? कोळशानं. कोळसा पाण्यात मिसळतो का? नाही. तो पाण्याचा वैरी. मी त्याचे इतके बारीक तुकडे केले, की एका केसाच्या जाडीत हजारो बसतील. मग त्याला पाण्याशी दोस्ती शिकवली. हा पाण्याचा दोस्त झालेला नॅनो कार्बन. पोटात जातो, रक्तात जातो, गंज पुसतो."

पहिल्या रांगेतल्या एका बाईंना वर बोलावले गेले. हातात नळी दिली.

"फुंका ताई. जांभळ्या पाण्यात. आणखी. लाजू नका, गंज उतरू द्या."

त्या बिचाऱ्या धाप लागेपर्यंत फुंकत राहिल्या. मग सरांनी काळ्या बाटलीतले दहा थेंब बरणीत टाकले आणि हात वर केले. बरणीतला जांभळा रंग विरला, फिकटला, गेला. मागे किंचित राखाडी झाक असलेले पाणी उरले.

मग मागच्या रांगेतून टाळी आली आणि तिच्यामागे सगळा हॉल. पहिली टाळी बुधवारी आणि रविवारी, दर वेळी, मागच्याच रांगेतून येत असे.

तिसऱ्या रांगेत एक सडसडीत, पिवळट चेहऱ्याचे गृहस्थ बसले होते. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात पंचवीस वर्षे तपासनीस होते. नग हातात घ्यायचा, मापायचा, पास करायचा किंवा नाकारायचा, हे काम. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्यावर काम सुटले. आता आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास, ते डायलिसिसच्या मशीनला जोडलेले असत. ते बरणीकडे पाहत नव्हते. फलकावरच्या सहीकडे पाहत होते.

"छोटीची सही आहे," ते बायकोला म्हणाले.

छोटी म्हणजे त्यांची धाकटी बहीण. वय सेहेचाळीस. महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवी. तिथे तिला सगळे 'बाई' म्हणत.

"वन्संची?" बायकोने चष्मा सारखा केला. "मग विचारायचं काय राहिलं?"

त्यांनी काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, डायलिसिसची पाळी होती. ते गेले नाहीत.

*

पुढच्या गुरुवारी दुपारी बाईंना डायलिसिस विभागातल्या सिस्टरांचा फोन आला.

"तुमचे दादा बरे आहेत ना? वहिनी फोनवर म्हणाल्या, परगावी गेलेत, तिकडेच करून घेतात. पण तिकडून आमच्याकडे कागद कोणी मागितले नाहीत. आज धरून चार पाळ्या झाल्या."

बाई तास अर्धवट सोडून निघाल्या.

दादांचे घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचे. खिडकीशी वहिनींचे शिलाई मशीन, त्यावर कोणाचा तरी अर्धा शिवलेला झगा. भिंतीवर दादांनी पट्टीने रेघा मारून केलेला तक्ता. रोजचे वजन, वेळ, सही. डॉक्टरांनी ठरवून दिलेले वजन एकसष्ट किलो. आजच्या रकान्यात एकोणसत्तर लिहिले होते. आकडा सुबक होता. त्याखालची सही हलली होती.

दादा खुर्चीत ताठ बसले होते. आडवे झाले की दम कोंडत होता, म्हणून तीन रात्री खुर्चीतच काढल्या होत्या. बाईंनी त्यांच्या नडगीवर बोट दाबले. बोट काढले तरी खड्डा तसाच राहिला.

"दादा, हे काय करून घेतलंस?"

"सूज येणार, दम लागणार, सरांनी आधीच सांगितलंय," वहिनी ओट्याजवळून म्हणाल्या. "गंज सुटायला लागला की असंच होतं म्हणे. ज्यांना जास्त त्रास, त्यांना जास्त गुण."

"वहिनी, हे अंगात साठलेलं पाणी आहे. फुप्फुसापर्यंत चढलंय. आत्ताच्या आत्ता मशीनवर न्यायला हवं."

दादांनी टेबलावरचे पत्रक तिच्यापुढे सरकवले. तोच अहवाल, तेच लाल वर्तुळ.

"सही तुझी?"

"माझी."

"आकडा खरा?"

बाईंना खोटे बोलता आले असते. "खरा," त्या म्हणाल्या.

"मग?"

त्यांनी समजावून सांगितले. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बाहेरचे नमुने तपासायला येतात. बाटलीवर फक्त क्रमांक असतो. एक जांभळे रसायन असते, त्यात नमुना टाकायचा. नमुन्यात गंजविरोधी गुण असला तर जांभळा रंग जातो. किती गेला, ते यंत्र सांगते. या बाटलीने चौऱ्याण्णव टक्के घालवला. अहवालाच्या शेवटी एक ओळ छापलेली असते, 'नमुना मिळाला तसा तपासला.' म्हणजे आत काय आहे, ते आम्ही पाहिलेले नाही.

"ती ओळ इथे नाही," दादा म्हणाले.

"कापलीय."

"कापली नसती तर मला कळली असती?"

बाईंनी पत्रक पालथे ठेवले.

"माणसाच्या रक्तात काय होतं, ते यात कुठंच नाही रे दादा. काचेच्या नळीतला रंग आहे हा. तू ऊठ. मी खाली रिक्षा थांबवलीय."

"पंचवीस वर्षं मी नग नाकारले." दादा दोन-दोन शब्दांनी श्वास घेत बोलत होते. "साहेबानं सांगितलं म्हणून एक नग पास केला नाही. आता बहीण सांगते म्हणून नाकारू? कोणाला खरं मानू? महिन्यापूर्वी सही करणारीला, की आज रडणारीला? सुया टोचून टोचून हात चाळण झालाय माझा, छोटे. ते पाणी खरं असेल तर मला ते हवंय. खोटं असेल तर दाखव."

"मशीनवर बस. मी उद्या दाखवते."

"उद्या दाखव. उद्या बसतो."

वहिनींनी विनवले. सिस्टर फोनवरून ओरडल्या. बाईंनी हात जोडले. दादा हलले नाहीत. मग त्यांनी अचानक, कारखान्यातल्या एखाद्या नवख्याला विचारावे तसे विचारले, "तुमच्याकडे यंत्र आधी तपासतात ना?"

"तपासतात. कोरा नमुना लावतो."

"कोरा म्हणजे?"

"नुसतं पाणी."

"नुसतं पाणी कशाला? कोळसा वगळून बाकी जे काही त्या बाटलीत असेल, ते लावायला हवं. लेथवरून नग येतो तेव्हा त्याला तेल असतं. तेलासकट मापलं तर माप तेलाचं येतं, नगाचं नाही. आधी पुसायचं, मग मापायचं. तू नग पुसला होतास का?"

बाई खुर्चीवर बसल्या. भावाच्या त्या एका प्रश्नाने त्यांना फक्त सरांची बाटली आठवली नाही. स्वतःचीही आठवली.

*

दीड वर्ष बाई प्रयोगशाळेत खरोखरचा पाणी-मित्र कार्बन बनवत होत्या. जीवनसत्त्व सीची पूड पाण्यात विरघळवायची, पोलादी डब्यात बंद करायची आणि भट्टीत ठेवायची. पाच तासांनी डबा उघडला की तपकिरी पाणी मिळे. त्यात डोळ्यांना न दिसणारे कार्बनचे कण असत, आणि जंबुपार, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट, दिव्याखाली ते निळे चमकत. या कणांनी जांभळा रंग एक्याण्णव टक्के घालवला होता. शोधनिबंध लिहून झाला होता, पाठवलाही होता.

महाविद्यालयाच्या खुल्या दिवशी, म्हणजे कोणीही येऊन प्रयोगशाळा पाहू शकतो त्या दिवशी, त्यांनी लोकांपुढे हाच प्रयोग केला होता. बरणी, थेंब, रंग गायब. टाळ्या. अगदी पुढे बसलेला एक अनोळखी गृहस्थ वहीत लिहून घेत होता आणि शेवटी त्याने फार नम्रपणे विचारले होते, "बाहेरचा नमुना तपासून मिळतो का हो?"

कण धुण्याची एक रीत आहे. सेलोफेनसारख्या पातळ पडद्याची लांबट पिशवी असते. तपकिरी पाणी तिच्यात भरायचे, दोन्ही टोके बांधायची आणि पिशवी स्वच्छ पाण्यात लटकवायची. पडद्याची छिद्रे इतकी बारीक, की न जळलेली पूड, क्षार, असले लहान रेणू बाहेर झिरपतात आणि कार्बनचे कण आतच राहतात. बाहेरचे पाणी पुन्हा पुन्हा बदलायचे. दादांचे रक्त ज्या मशीनमध्ये धुतले जाई, त्यातही असाच पडदा. यालाही डायलिसिसच म्हणतात.

बाईंनी आपले कण धुतले होते. पण मोजले होते धुण्याआधी, घाई होती म्हणून. आकडा इतका छान आला की धुतल्यावर पुन्हा मोजायची गरज वाटली नाही. चुकीचा आकडा वाईट आला की माणूस दहा वेळा तपासतो. चुकीचा आकडा चांगला आला की पेढे वाटतो.

दादांकडून परतल्यावर त्या गुरुवारी संध्याकाळी त्यांनी सरांच्या बाटलीतला उरलेला नमुना शीतकपाटातून काढला. दोन पिशव्या भरल्या, एक सरांची, एक स्वतःची. सकाळपर्यंत सहा वेळा पाणी बदलले.

सरांच्या पिशवीतला धुतलेला कोळसा: सहा टक्के. पिशवीच्या बाहेरचे पहिले पाणी, ज्यात कोळशाचा कणही नव्हता: त्र्याण्णव टक्के.

त्यांच्या स्वतःच्या धुतलेल्या कणांचा आकडा: बारा टक्के.

बाईंनी तिन्ही आकडे वहीत लिहिले. निबंध मागे घेत असल्याचे दोन ओळींचे पत्र नियतकालिकाला पाठवले. मग दोन बाटल्या, ड्रॉपर आणि पोटॅशियम परमँगनेटच्या खड्यांची पुडी पर्समध्ये टाकून त्या दादांकडे निघाल्या. शुक्रवार होता, सकाळचे नऊ.

*

दादांचे ओठ निळसर झाले होते, पण डोळे तपासनिसाचेच होते. "ड्रॉपर मला दे," ते म्हणाले.

स्वयंपाकघरातल्या दोन पेल्यांत बाईंनी जांभळे पाणी केले. दादांनी पहिल्या पेल्यात पिशवीबाहेरचे नितळ पाणी टाकले. रंग गेला. दुसऱ्यात पिशवीतला काळा, धुतलेला कोळसा टाकला. जांभळा रंग थोडा काळवंडला, गेला नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत त्यांनी पाच मिनिटे मोजली. नाहीच गेला.

"पुन्हा."

"दादा, वेळ जातोय."

"एका मापावर नग पास होत नाही. नाकारलाही जात नाही. पुन्हा."

तीनदा केले. थेंब दर वेळी मोजून दहाच पडत होते.

"कोळसा नुसता सोंगाड्या," दादा म्हणाले. "काम करणारा दुसराच. कोण?"

"बहुतेक जीवनसत्त्व सी. साध्या गोळ्या कुटून घातल्या असतील. माझ्या बाटलीतही तेच उरलं होतं."

"म्हणजे तुझाही नग…"

"नाकारला. सकाळीच पत्र पाठवलं."

"बरं केलंस." त्यांनी पत्रक ओढले, खिशातले पेन काढले आणि लाल वर्तुळावर फुली मारली. खाली तारीख, वेळ, सही. पंचवीस वर्षांची सवय. "चल. बसतो मशीनवर."

वहिनी ओट्याला टेकून उभ्या होत्या. कपाटातली काळी बाटली त्यांनी बाहेर काढली आणि मोरीत ओतायला गेल्या.

"ओतू नकोस," दादा म्हणाले. "नाकारलेला नग फेकायचा नसतो. बाजूला ठेवायचा. नाहीतर तो पुन्हा चांगल्या मालात जातो."

खालच्या मजल्यावरच्या दोघांनी त्यांना खुर्चीसकट उतरवले. वळणावर खुर्ची तिरकी झाली तेव्हा दादा म्हणाले, "सांभाळा रे, पन्नास वर्षांचा माल आहे, बदलून मिळत नाही." खालचे दोघे हसले. वहिनीही हसल्या.

सिस्टरांनी मशीन तयार ठेवले होते. नाडी पाहिली, हृदयाचे ठोके नोंदवायच्या पट्ट्या छातीवर लावल्या, रक्त काढून धावत पाठवले. मूत्रपिंड बंद असले की रक्तात पोटॅशियम साठत जाते, आणि एका मर्यादेनंतर हृदय ते सोसत नाही. डॉक्टरांनी इंजेक्शने दिली. सिस्टरांनी दादांच्या डाव्या हातावर, जिथे शिरेला धमनी जोडलेली होती आणि बोट ठेवले की मांजर गुरगुरल्यासारखे लागे, तिथे जंतुनाशकाचा बोळा फिरवला आणि सुई उचलली.

गुरगुर थांबली होती.

चाळीस मिनिटे छाती दाबली. अकरा वाजून पन्नास मिनिटांनी डॉक्टरांनी वेळ लिहिली.

*

रविवारी हॉल नेहमीपेक्षा जास्त भरला. बातमी गावभर झाली होती आणि बातमीपुढे सर पळत होते.

"आपल्यातले एक सद्गृहस्थ गेले," सर डोळे पुसत म्हणाले. "नऊ दिवस माझं पाणी घेत होते. नऊ दिवस जिवंत होते! दहाव्या दिवशी घरच्यांचा धीर सुटला, मशीनवर नेलं. आणि? तासाभरात गेले. मी कोणाला दोष देत नाही. माणसानं फक्त हिशेब करावा."

मागच्या रांगेतून हळहळ उठली. मग सगळा हॉल हळहळला.

"हिशेब मी सांगते."

दारात वहिनी उभ्या होत्या. शेजारी बाई. वहिनींच्या हातात गुंडाळलेला कागद होता आणि काळी बाटली होती. त्या मधल्या वाटेने चालत आल्या. मागच्या रांगेतला एकजण आडवा आला तेव्हा म्हणाल्या, "बाजूला हो बाबा. मी काल-परवा नवरा पोचवून आलेय, मला आता कशाची भीती घालणार तू?" तो बाजूला झाला.

त्यांनी कागद उलगडून फलकावरच्या ९४ आकड्यावर धरला. दादांचा तक्ता होता.

"हे त्यांच्या हातचं आहे. बुधवार, एकसष्ट. रविवार, पासष्ट. गुरुवार, एकोणसत्तर. आठ किलो पाणी अंगात. सर म्हणाले, गंज सुटतोय. मी विश्वास ठेवला. चार पाळ्या मी चुकवू दिल्या, सिस्टरांना खोटं मी सांगितलं, चमच्यानं हे पाणी मी पाजलं. आणि मशीननं मारलं म्हणता? मशीन त्यांना लागलंच नाही. सुई सिस्टरांच्या हातातच राहिली."

सरांनी हात जोडले.

"दुःखात माणूस…" सर सुरू झाले.

"दुःखाचं मी बघून घेईन. तुम्ही बाटली द्या. तुमच्या टेबलावरची, सीलबंद."

"द्या की!" चौथ्या रांगेतून एक भाजीवाली म्हणाली. "खरं असेल तर घाबरायचं काय त्यात?"

सरांनी बाटली दिली. तीनशे माणसांपुढे न देणे शक्य नव्हते. बाईंनी पडद्याची पिशवी काढली, काळे पाणी तिच्यात ओतले. टोके वहिनींनी शिलाईच्या दोऱ्याने बांधली, दुहेरी गाठ, वर एक टाका. भाजीवालीने स्वतःच्या बाटलीतले पिण्याचे पाणी काचेच्या भांड्यात ओतले आणि काळी पिशवी त्यात लटकली.

"एक तास लागेल," बाई म्हणाल्या. "तोवर सरांचं चालू द्या."

सर बोलले. त्या दिवशी ते फार छान बोलले. अणू, परमाणू, विश्व, परदेशातले शास्त्रज्ञ, पोटातली आग, मनातली श्रद्धा. पण टेबलावर भांडे होते आणि भांड्यात पिशवी होती. लोक ऐकत सरांना होते आणि बघत पिशवीकडे. पिशवी काहीच करत नव्हती. ती काही बोलतही नव्हती. त्यामुळेच बहुधा तिच्यावरून नजर हलत नव्हती.

तास झाला. भांड्यातले पाणी काचेसारखे नितळ होते.

"कोळसा कुठे आहे?" बाईंनी विचारले.

"पिशवीत," हॉल म्हणाला.

"बाहेर आलाय?"

"नाही."

भाजीवालीने बाहेरचे नितळ पाणी चमचाभर घेऊन सरांच्याच जांभळ्या बरणीत ओतले. रंग गेला. या वेळी टाळी कोणी वाजवली नाही. बाईंनी दादांच्या बाटलीतला, दोन दिवस धुतलेला कोळसा दुसऱ्या बरणीत टाकला. पाच मिनिटे. रंग जागेवर. मग त्यांनी औषधांच्या दुकानातली जीवनसत्त्व सीची एक साधी गोळी कुटून तिसऱ्या बरणीत टाकली. रंग गेला.

"पहिल्या पाण्यात कोळसा नव्हता, तरी रंग गेला. दुसऱ्यात नुसता कोळसा होता, रंग राहिला. म्हणजे रंग घालवणारं दुसरंच काहीतरी बाटलीत आहे, आणि ते पिशवीतून बाहेर येतं. या गोळीसारखंच वागतं. लिंबू पिळलंत तरी होईल. नळीतून फुंकायला लावणं हे नाटक, त्यानं काहीही होत नाही. आणि बरणीतला रंग गेला म्हणजे मूत्रपिंड चालू झालं, असं नाही. तुमच्या पोटात बरणी नाही."

"या बाईंचीच सही आहे इथे!" सर ओरडले. "स्वतःच लिहिलं, आता स्वतःच फिरतात!"

"हो," बाई म्हणाल्या. "सही माझी आहे. हा बरणीचा खेळही माझाच आहे. खुल्या दिवशी मी केला, तुम्ही पाहून शिकलात. मला तेव्हा टाळ्या मिळाल्या, म्हणून मी धुऊन पुन्हा मोजलं नाही. माझा कार्बनही शुक्रवारी नापास झाला. माझ्या भावानं मला विचारलं, नग पुसला होतास का. तो रसायनशास्त्र शिकला नव्हता. मी शिकले होते. तरी मला ते विचारायला तो लागला, आणि तोवर उशीर झाला."

त्या खाली बसल्या. सर मागच्या दाराने गेले. पहिली टाळी वाजवणारा त्यांच्या आधीच गाडीत जाऊन बसला होता, कारण गाडी तोच चालवत असे.

*

त्या आठवड्यात मशीन सोडलेले नऊजण डायलिसिस विभागात परत आले. दोघे आले नाहीत. त्यांच्या घरी अजून काळी बाटली आहे. सरांविरुद्ध तक्रार नोंदली गेली, तारखा पडताहेत. दोन महिन्यांनी शेजारच्या शहरात ते पुन्हा दिसले. कोट तोच, पाणी आता सोनेरी आहे.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून 'नमुना मिळाला तसा तपासला' ही ओळ गेली. तिच्या जागी आता नियम आहे, की धुऊन पुन्हा मोजल्याशिवाय अहवालावर सही होणार नाही. बाई पुन्हा पहिल्यापासून कण बनवताहेत. बारा टक्क्यांचे सोळा झाले आहेत. त्याची बातमी होत नाही, होण्याचे कारणही नाही. खरे संशोधन बहुतेक वेळा असेच दिसते.

वाचकहो, तुमच्यापुढेही कोणी बरणी ठेवील. तिच्यातला रंग खरोखरच जाईल. डोळे तुम्हाला फसवणार नाहीत. फसवील ती घाई, रंग गेला म्हणून रोग गेला असे मानायची. मोठा आकडा दिसला, ओळखीची सही दिसली, तर एवढेच विचारा: ज्याचा गाजावाजा चालला आहे ते वगळून बाकीचे सगळे बरणीत टाकले असते तर काय झाले असते? ते करून पाहिले का? कोणी पाहिले, किती वेळा? उत्तर मिळेपर्यंत चालू औषध बंद करू नका. एक दिवससुद्धा.

दादांनी नाकारलेली बाटली प्रयोगशाळेत वेगळ्या फळीवर ठेवली आहे, चांगल्या मालात जाऊ नये म्हणून. चिठ्ठीवर वहिनींनी त्यांचेच शब्द लिहिलेत.

आधी पुसा. मग मापा.